घरी शिकणाऱ्या लेकराची बारावी, कॉलेज आणि ‘एक वर्ष थांबू का?’

वाचकांचे प्रश्न

घरी शिकणाऱ्या मुलांबद्दल पत्रं यायलीत, आणि बहुतेकांत भीती एकच की पुढं कॉलेजवाले दारात उभं करतील का. चार पत्रं घेतलीत. नावं मुद्दाम दिली नाहीत, गावं दिलीत.

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही अंबाजोगाईचे. मुलगी साडेपंधरा वर्षांची आहे, लॉकडाऊनमधी शाळा बंद पडली तेव्हापासून घरीच शिकती, पाचवी पासचा दाखला आहे, त्याच्या पुढचं कागदावर काहीच नाही. शेतातल्या किडींचा तिला लय नाद, कोणती अळी कधी आली, कोणत्या पिकावर आली, चित्रं काढून वह्याच्या वह्या भरल्यात. तिला ॲग्री करायचंय, पण बारावीनंतर एक वर्ष थांबून आधी शेतात नीट काम करते मग कॉलेज, असं म्हणती. सासरची मंडळी म्हणायलीत की गुमान लातूरला हॉस्टेलला टाका. सतरा नंबर (राज्य मंडळाला बाहेरून बसायचा फॉर्म) भरावा का एनआयओएस? आणि दहावीच झाली नाही अजून, उशीर झाला का?

उत्तर : उशीर बिलकुल झालेला नाही. एनआयओएसला, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाला, दहावीसाठी १४ वर्षं पूर्ण लागतात आणि बारावीसाठी १५, वरची मर्यादा नाही. सतरा नंबरलाही तुमचा पाचवीचा दाखला चालतो, म्हणून तो जपून ठेवा, लॅमिनेशन तेवढं करू नका.

आता दोन्हीतला फरक. सतरा नंबर म्हणजे आपलंच राज्य मंडळ, बीड जिल्हा येतो छत्रपती संभाजीनगरच्या विभागात (लातूर विभागात लातूर, नांदेड आणि धाराशिव), नाव कुठल्यातरी शाळेच्या संपर्क केंद्रातून नोंदवायचं आणि फेब्रुवारी-मार्चला सगळ्या पोरांसोबत सगळे विषय एका दमात द्यायचे. पुस्तकं मराठीत, गाईड कोपऱ्यावरच्या दुकानात, प्रश्नपत्रिका कशी येती ते गावातल्या कोणत्याही मास्तरला माहीत. एनआयओएसची परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, एकदा नाव घातलं की ५ वर्षं चालतं आणि त्यात ९ वेळा बसता येतं, एका वेळी एक विषय दिला तरी कोणी विचारत नाही. कमीत कमी ५ विषय, त्यात एक तरी भाषा. घरी बसून लिहायच्या असाइनमेंट असतात, त्यांना टीएमए म्हणतात, त्यांचे २० टक्के धरतात आणि ते लोक हमखास विसरतात. पास व्हायला ३३.

तुमच्या मुलीसाठी मी एनआयओएस म्हणेन, आणि ते सोपं असतं म्हणून नाही. गणित-सायन्स काही सोपं नसतं तिथं, ‘ओपन म्हणजे फुकट पास’ असं सांगणारा एजंट भेटला तर चहा पाजा आणि घरी पाठवा. कारण वेगळं आहे. तुमच्या पोरीचा अभ्यासाचा खरा सीझन आहे खरीप, जून ते ऑक्टोबर. कपाशीवरची बोंडअळी, सोयाबीनवरच्या गोगलगायी (२०२२ ला त्यांनी लातूर-बीड-धाराशिवकडं उगवलेलं सोयाबीन खाल्लं होतं ते तुम्ही पाह्यलंच असेल), मक्यावरची लष्करी अळी, जी भारतात दिसलीच मुळी २०१८ ला, हे सगळं ज्या महिन्यांत घडतं त्या महिन्यांत शाळेची पोरं वर्गात असतात. तिची एप्रिलची परीक्षा असली तर आख्खं खरीप मोकळं मिळतं आणि दिवाळीनंतर पुस्तकाला लागता येतं.

म्हणूनच गॅपबद्दल मला उलटं म्हणायचंय. ती बारावीनंतरचं वर्ष मागती, पण ते वर्ष तिच्याकडं आधीच आहे, बारावीच्या आत. एनआयओएसचा नियम असाय की दहावी पास झाल्यापासून दोन वर्षांच्या आत बारावीचं पूर्ण सर्टिफिकेट मिळत नाही, पहिल्या वर्षी काही विषय देता येतात, बाकीचे नंतर. म्हणजे घाई करून फायदा नाहीच. मग त्या दोन वर्षांत पहिल्या एप्रिलला इंग्रजी आणि अजून एखादा जमेल तो विषय देऊन टाकायचा, त्याच्या पुढचं खरीप शेतात पक्कं काढायचं, कामगंध सापळे लावायचे, दर आठवड्याला किती पतंग अडकले ते मोजून लिहायचं, आणि शेवटच्या वर्षी फक्त फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा. शेतातलं वर्ष पण झालं आणि कागदावर खाडा पण नाही.

विषयांबद्दल ऐका. दहावीला मराठी, इंग्रजी, गणित, विज्ञान आणि पाचवा तिच्या आवडीचा, चित्रकला घेतली तरी हरकत नाही. गणित नको म्हणली तरी घ्यायला लावा, कारण पुढं कुठंतरी एखादा फॉर्म विचारतो की दहावीला गणित आणि इंग्रजी होतं का. आयआयटी मद्रासचा ऑनलाइन बीएस डेटा सायन्सचा कोर्स घ्या, तो तर शाळा कुठली होती हे बघत पण नाही, पण दहावीचं गणित-इंग्रजी बघतो. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी, आणि पाचवा गणित ठेवला तर पीसीएम (गणितवाला गट) आणि पीसीबी (बायोलॉजीवाला) दोन्ही दारं उघडी राहतात, पण गणिताचा लयच जाच होत असेल तर ॲग्रीला पीसीबीवर भागतं, तिथं जबरदस्ती नको.

प्रॅक्टिकल सोडू नका. सायन्सच्या विषयांना लेखीत आणि प्रॅक्टिकलमध्ये वेगवेगळं पास व्हावं लागतं आणि घरी बसून टायट्रेशन होत नाही. अभ्यासकेंद्र निवडताना प्रत्यक्ष जा, लॅब दाखवा म्हणा, प्रॅक्टिकल खरंच घेता का फक्त सह्या करता हे तिथल्या एखाद्या जुन्या विद्यार्थ्याला बाहेर गाठून विचारा. आणि अजून एक, हे सगळ्यात महत्त्वाचं : केंद्र महाराष्ट्रातलंच घ्या. काही क्लासवाले परराज्यातलं केंद्र देतात, ‘तिकडं सोपं जातं’ म्हणून. राज्याच्या कोट्यातून इंजिनिअरिंग, मेडिकल, ॲग्रीला जाताना दहावी-बारावी महाराष्ट्रातल्या संस्थेतून झालीय का हे बघतात, आणि तिथं एकदा दुसऱ्या राज्याचं नाव छापून आलं की मग डोमिसाइल घेऊन ऑफिसं हिंडत बसायचं.

कॉलेजचं म्हणाल तर बीएस्सी ॲग्री ४ वर्षांचं, एमएचटी-सीईटीमधून. परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे, १९७२ पासूनचं, लातूरला आणि तुमच्या अंबाजोगाईलाही त्यांचंच कॉलेज आहे, परभणीला कीटकशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. तिला एकदा वह्या घेऊन तिकडं घेऊन जा, ॲडमिशनसाठी नाही, नुसतं एखाद्या प्राध्यापकाला दाखवायला. वह्यांचे मार्क सीईटीत धरत नाहीत हे तिला आत्ताच स्पष्ट सांगा नाहीतर नंतर रडं. सोबत सीयूईटी, म्हणजे देशभरच्या विद्यापीठांची प्रवेश परीक्षा, ती पण भरून ठेवा, कृषी विद्यापीठांच्या २० टक्के जागा देशपातळीवर त्यातून भरतात, परराज्यात जायची तयारी असली तर. सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही, सीयूईटीला आहे, सराव वेगळा करावा लागतो.

लातूरचं म्हणाल तर लातूर पॅटर्न काही वाईट नाही, कैक लेकरं त्यातून डॉक्टर झालीत. पण पाच वर्षं स्वतःच्या मनानं शिकलेल्या पोरीला एकदम पहाटे पाच ते रात्री अकराच्या वेळापत्रकात टाकायचं, तेही जिला मेडिकलची ‘नीट’ परीक्षा द्यायचीच नाही, हे मला पटत नाही. सीईटीसाठी शेवटच्या वर्षी एखादी टेस्ट सिरीज लावा, पेपर वेळेत सोडवायची सवय घरी लागत नाही एवढं मात्र खरंय.

प्रश्न : मी जालन्याहून. मुलगा एनआयओएसमधून दहावी पास झाला, मार्क चांगलेत. आम्ही ओबीसी आहोत. लेकरू कधी शाळेतच गेलं नाही त्यामुळं शाळा सोडल्याचा दाखलाच नाही. आता जातीचा दाखला, व्हॅलिडिटी (जात पडताळणीचं सर्टिफिकेट), अकरावीची ॲडमिशन, सगळीकडं टीसी मागायलेत. काय करावं?

उत्तर : काका, अभ्यासापेक्षा कागदंच जास्त रडवतात हे तुमचं पत्र वाचून पुन्हा पटलं. टीसीचं सोपंय. एनआयओएस पास झालेल्याला मायग्रेशन-कम-ट्रान्सफर सर्टिफिकेट देतं, तेच तुमचं टीसी. काउंटरवरच्या माणसानं असला कागद कधी बघितला नसेल तर तो ‘हे चालत नाही’ म्हणणार, तेव्हा भांडू नका, प्राचार्यांकडं जा. अकरावीची ॲडमिशन २०२५ पासून सगळ्या राज्यात ऑनलाइन झालीय, फॉर्ममध्ये बोर्ड निवडताना दुसरं बोर्ड निवडायचं आणि मार्क भरायचे, एवढंच.

जातीच्या दाखल्याचं मात्र लांबड आहे. शाळेच्या दाखल्यावर जात लिहिलेली असती म्हणून सगळे तोच मागतात. मुलाचा नाही तर तुमचा काढा, तुमच्या वडिलांचा काढा, जुन्या जिल्हा परिषद शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरचा उतारा मागा, मुलाचा जन्मदाखला त्याला जोडा म्हणजे नातं सिद्ध होतं. आजोबांच्या काळात गेलात तर आपल्याकडं निजामाचं राज्य, १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत, कागद उर्दूत नाहीतर मोडीत निघतात, वाचून देणारा माणूस शोधावा लागतो आणि भाषांतर प्रमाणित करून घ्यावं लागतं. भावकीत कोणाला, म्हणजे वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात, व्हॅलिडिटी मिळालेली असली तर त्याची प्रत आधी मिळवा, निम्मं काम तिथंच होतं. त्यासाठी बांधावरनं मोडलेलं बोलणं परत सुरू करावं लागलं तरी करा.

व्हॅलिडिटीचा अर्ज साधारण कॉलेजमार्फत, प्राचार्यांच्या सही-शिक्क्यानं जातो. मुलगा अकरावीला कॉलेजात गेला तर हा प्रश्नच मिटला. घरूनच बारावी करणार असला तर अकरावीच्याच वर्षी जिल्ह्याच्या जात पडताळणी समितीच्या ऑफिसात जाऊन, कोणाच्या सहीनं अर्ज घेता हे विचारून ठेवा, सीईटीचा निकाल लागल्यावर पळायला गेलात तर महिने जातात. डोमिसाइल आणि नॉन-क्रिमिलेअर सेतूवर होतं, पण नॉन-क्रिमिलेअरची मुदत तपासा, ॲडमिशनच्या महिन्यात ती संपलेली निघाली तर सीट ओपनमध्ये जाती. आणि सगळ्या कागदांवर नावाचं स्पेलिंग एकच, आधारवरचं. वडिलांच्या नावापुढं एका ठिकाणी राव आणि एका ठिकाणी नाही, एवढ्यावर पण अर्ज अडकतो.

प्रश्न : नांदेडला क्लास लावायचाय, ते म्हणतात कॉलेज आम्ही बघून देतो, तिथं नुसतं नाव राहील, जायची गरज नाही. मुलगा तसाही घरी शिकायची सवय असलेला. घ्यावं का?

उत्तर : नका घेऊ. राज्य मंडळात ७५ टक्के हजेरीचा नियम आहे आणि तपासणी आली की फॉर्म अडकतो तो मुलाचा, क्लासवाल्याचा नाही. घरीच शिकायचंय तर मुक्त विद्यालय आहे की उघडपणे, कॉलेजात न जाण्याची फी कशाला भरायची. मेडिकलची भीती घालत असतील तर तीही आता राहिली नाही, मान्यताप्राप्त मुक्त विद्यालयाची बारावी नीटला चालती, २०२४ ला सुप्रीम कोर्टापुढं हा विषय संपलाय. डिसेंबरअखेर १७ वर्षं पूर्ण आणि फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी चारही पास, हे मात्र लागतं.

प्रश्न : ताई मी परभणी जिल्ह्यातली आहे, १८ वर्षं पूर्ण झालीत. घरून शिकून यंदा बारावी आर्ट्स पास झाले, ७८ टक्के. मला इतिहास करायचाय, बाहेरच्या मोठ्या विद्यापीठात, पण सीयूईटी द्यायचीच राहून गेली. मला एक वर्ष थांबून मोडी लिपी शिकायचीय आणि सीयूईटी द्यायचीय. पप्पा म्हणतात वर्ष वाया जाईल, लोक विचारायलेत पोरगी काय करती, आणि आत्या स्थळं सांगायली. थांबू का नको?

उत्तर : आधी परीक्षेचं सांगते कारण ते सरळ आहे. सीयूईटीला वयाची अट नाही आणि बारावी कोणत्या वर्षी झाली हे पण अडवत नाही, तू पुढच्या वर्षी बसू शकतेस, फक्त तुला हव्या त्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम त्यांच्या साइटवर वाच. हेच तू आयआयटीसाठी जेईई ॲडव्हान्स देणारी असतीस तर मी वेगळं बोलले असते, तिथं बारावीचं वर्ष किंवा त्याच्या पुढचं एकच वर्ष, लागोपाठ दोनच चान्स, आणि बारावीला पहिल्यांदा कधी बसलात ते वर्ष धरतात, त्यामुळं मुक्त विद्यालयात थोडे-थोडे विषय देणाऱ्यांनी माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय तिकडं पाऊल टाकू नये. एनडीएला साडेसोळा ते साडेएकोणीस वय, तिथं गॅप म्हणजे चान्स कमी होणं. इतिहासाला असलं काही नाही.

पण तुझी अडचण परीक्षा नाहीच, आत्या आहे. हे हसण्यावारी घेत नाही मी. आपल्याकडं मुलगा वर्षभर घरी बसला तर तयारी करतो, आणि मुलगी बसली की ती ‘मोकळी’ होती, मग पाहुणे येऊन बसतात, आणि पुढच्या जूनपर्यंत सीयूईटीचा विषय कोण काढणार. म्हणून तुला मी रिकामं वर्ष घे असं सांगणार नाही. तुझं नाव कुठंतरी डिग्रीला असू दे. जवळच्या कॉलेजात बीए फर्स्ट इयर, तुझ्याकडं नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ येतं, नाहीतर नाशिकचं मुक्त विद्यापीठ, नाहीतर इग्नू. फी कमी आणि घरी सांगायला उत्तर तयार : पोरगी बीए करती. शिवाय नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षाचे क्रेडिट, म्हणजे पूर्ण केलेल्या अभ्यासाचे गुण, तुझ्या नावच्या खात्यात जमा होतात, पुढच्या विद्यापीठानं ते धरले तर बरंच, नाही धरले तरी तुझं काही गेलं नाही. ॲडमिशन घेताना ओरिजिनल कागद ठेवून घेतो म्हणाले तर देऊ नकोस, तपासून परत द्यायचे असा यूजीसीचा २०१८ चा आदेश आहे, त्याची प्रिंट पर्समध्ये असू दे.

मोडीचं तू लाख बोललीस. २०२३ ला कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती बसली तेव्हा मराठवाड्यात मोडी आणि जुनी उर्दू वाचणारी माणसं शोधत फिरायची वेळ आली होती. वरचं जालन्याच्या काकांचं पत्र वाच, त्यांच्यासारखे किती जण कागद घेऊन हिंडायलेत. वर्णमाला महिन्या-दोन महिन्यांत येती, खरा घाम फुटतो तो माणसागणिक बदलणाऱ्या हातात आणि संक्षेपात, त्यासाठी रोज एक जुना कागद वाचायचाच. ज्या गावी जुना वाडा असेल, देवस्थान असेल तिथं विचार, छत्रपती संभाजीनगरला पुराभिलेख खात्याचं ऑफिस आहे तिथं जाऊन ये. कोणाकडं शिकलीस, काय वाचलंस याची तारखेनिशी नोंद आणि त्या माणसाचं सहीचं पत्र घेत जा. इतिहासाच्या इंटरव्ह्यूला किंवा पुढं एमएला याची किंमत कळते, सीयूईटीच्या मार्कात मात्र शून्य, तेव्हा सकाळ सीयूईटीला आणि दुपार मोडीला.

एवढं करूनही मध्ये कॉलेज सुटलं आणि खरंच वर्ष मोकळं गेलं तर गॅपचं प्रतिज्ञापत्र करून देतात, या काळात कुठं शिकत नव्हते, काय करत होते असं त्यावर लिहायचं, तहसीलसमोर बसणाऱ्यांकडं नमुना तयार असतो. फक्त एखाद्या कॉलेजात नाव घातलेलं असताना ‘कुठंच शिकत नव्हते’ असं लिहून देऊ नकोस, ते पुढं अंगाशी येतं.

पप्पांचं ‘वर्ष वाया’ याला वाद घालून उत्तर निघत नाही. त्यांना तारखा दाखव : अर्ज जानेवारी ते मार्चच्या सुमारास, परीक्षा मे-जूनमध्ये, मग निकाल, मग विद्यापीठाची स्वतंत्र नोंदणी, ती वेगळी भरावी लागती आणि चांगले मार्क पडलेली पोरं पण ती विसरून बसतात. पेपर मराठीतून पण देता येतो हे त्यांना सांग, त्यांची निम्मी धास्ती बहुतेक ‘दिल्लीवाल्या इंग्रजीची’ असणार. आत्याला मात्र पप्पांनीच सांगायचं, तू नाही. स्थळ बघायचं नाही हे घरातल्या बापानं बोलल्यावर जेवढं ऐकलं जातं तेवढं पोरीनं बोलल्यावर नाही ऐकलं जात, चूक आहे पण सध्या तसंय. पप्पा तयार झाले की मला परत लिही, विषय कोणते निवडायचे ते पुढच्या अंकात बघू.